ढग, वारा, वीज, पाऊस : बऱ्हाणपूरच्या मुलांना हवामान कसे शिकवावे?

बऱ्हाणपूर : मे महिन्यातली चार-साडेचारची वेळ. दिवसभर अंगाची लाही झालेली असते. एका बाजूने आभाळ काळे होते, धुळीचा लोट उठतो, एकदम गार वारा सुटतो आणि दहा-पंधरा मिनिटांत केळीची उभी बाग आडवी होते. शाहपूर, इच्छापूर किंवा सीमेपलीकडच्या रावेर पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याने ते डोळ्यांनी पाहिलेले असते. पण पाऊस यायच्या आधी तो गार वारा का येतो, असे विचारले तर वर्गात शांतता पसरते. वातावरणाचे थर मात्र त्याच पोराला तोंडपाठ असतात.

‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत बऱ्हाणपूरसाठी केळीची निवड झालेली आहे. केळीचे खोड खरे खोड नसते. पानांचे देठ एकावर एक गुंडाळून ते बनते, मुळेही फार खोल जात नाहीत. जास्त वारा, जास्त ऊन, जास्त थंडी, गारा यातले काहीही केळीला सोसत नाही. म्हणजे इथल्या कितीतरी घरांचा वर्षाचा हिशेब आभाळावर चालतो. त्यामुळे हवामान हा विषय इथे परीक्षेच्या चार गुणांपुरता नाही. तो वर्गात कसा शिकवावा, घरच्या वस्तूंतून काय दाखवता येईल आणि कोणत्या चुका टाळाव्यात, याची ही माहिती शिक्षक आणि पालकांसाठी.

घरचा शब्द आणि शाळेचा शब्द

बऱ्हाणपूरच्या बऱ्याच मुलांची घरची भाषा मराठी, खानदेशी वळणाची, आणि शाळेचे पुस्तक हिंदी किंवा इंग्रजी. हवामानाच्या धड्यात ही गोष्ट लगेच आडवी येते. काही शब्द तर सरळ फसवे आहेत.

- ओले : मराठीत ‘ओले’ म्हणजे भिजलेले. हिंदीत ‘ओले’ म्हणजे गारा.
- गारा : मराठीत आभाळातून पडणारा बर्फ. हिंदीत ‘गारा’ म्हणजे बांधकामाचा चिखल.
- पाला : मराठीत झाडाची पाने. हिंदीत ‘पाला’ म्हणजे थंडीत पिकावर गोठणारे दहिवर. ‘पाला पडला’ हे वाक्य दोन्ही भाषांत अगदी वेगळे.
- वातावरण : घरी ‘आज वातावरण खराब आहे’ म्हणजे हवामान खराब आहे. मराठी पुस्तकात वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचे हवेचे आवरण. त्यालाच हिंदी पुस्तकात वायुमंडल म्हणतात.
- हवामान आणि जलवायू : आजचा पाऊस, आजचे ऊन हे हवामान, हिंदीत मौसम. पुष्कळ वर्षांची सरासरी म्हणजे मराठीत जलवायुमान, हिंदीत जलवायु.

धडा सुरू करताना फळ्यावर दोन रकाने करून हे शब्द मुलांकडूनच काढून घ्यावेत. ढग–बादल, वीज–बिजली, धुके–कोहरा, दव–ओस, वावटळ–बवंडर. दहा मिनिटांचे काम आहे. घरचा शब्द चुकीचा नाही, एवढे मुलाला कळले की तो बोलायला लागतो. नाहीतर ज्याला वावटळ शेतात रोज दिसते तो ‘बवंडर’ हा शब्द पाठ करत बसतो आणि दोन्हींचा संबंध त्याला लागत नाही.

हवा म्हणजे रिकामी जागा नाही

लहान मुलांना हवा दिसत नाही, म्हणून ती ‘काहीच नाही’ असे वाटते. पेला उलटा करून सरळ पाण्यात दाबा. आत खुपसलेला कागद कोरडा राहतो, कारण पेल्यात आधीच हवा बसलेली आहे. हा प्रयोग पहिली-दुसरीतही चालतो.

मोठ्या वर्गात आकडे सांगावेत. कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, जवळपास १ टक्का आरगॉन आणि बाकी अगदी थोडे वायू. हवेला वजन आहे. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरवर साधारण १ किलोचा भार पडतो. तळहात १०० चौरस सेंटीमीटरचा धरला तर त्यावर १०० किलो, म्हणजे एक भरलेले पोते. मग हात दबत का नाही? कारण तेवढाच दाब खालून आणि शरीराच्या आतूनही असतो.

थरांची नावेही दोन्ही भाषांत द्यावीत. तपांबर म्हणजे क्षोभमंडल, स्थितांबर म्हणजे समताप मंडल, मध्यांबर म्हणजे मध्यमंडल. पण सगळ्या थरांना सारखे महत्त्व देऊ नये. आपले ढग, पाऊस, गारा, वादळ हे जवळपास सगळे तपांबरात घडते. आपल्याकडच्या उष्ण प्रदेशात हा थर साधारण १६ ते १८ किलोमीटर उंच असतो, ध्रुवांकडे तो ८ किलोमीटरच्या आसपास येतो. यात वर जावे तसे दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंश तापमान उतरते.

याचे उदाहरण असीरगड. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवर आणि किल्ला सुमारे ७०० मीटरवर. फरक ४५० मीटरचा, म्हणजे गणिताने साधारण ३ अंश. सहलीला जाताना थर्मामीटर सोबत घ्यावा. खाली आणि वर, दोन्हीकडे सावलीत धरून वाचावा. उत्तर बरोबर ३ येणार नाही. मधल्या तासाभरात ऊन बदलते, वारा बदलतो. ते का आले नाही, यावरची चर्चा हाच खरा धडा.

कूलर जुलैत का चालत नाही?

हवेतला ओलावा म्हणजे आर्द्रता शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. मे महिन्यात कूलरची हवा थंडगार लागते आणि जुलैत तोच कूलर लावला तर घरभर चिकचिक होते. माठाचेही तसेच. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते, पावसाळ्यात तेवढे होत नाही.

कारण एकच. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता घेते, म्हणून थंडावा मिळतो. मे महिन्यातली हवा कोरडी असते, ती वाफ पटकन पिते. जुलैतली हवा आधीच वाफेने भरलेली, तिच्यात आणखी जागा नसते.

हेच मोजता येते. दोन सारखे थर्मामीटर घ्या, एकाच्या टोकाला ओले सुती कापड गुंडाळा आणि दोन्हींना सारखा वारा घाला. ओल्या कापडाचा पारा खाली उतरतो. दोन आकड्यांत फरक जास्त असेल तर हवा कोरडी, फरक कमी असेल तर हवा दमट. हवामान खात्याच्या लाकडी पेटीतही हीच जोडी असते, कोरडा आणि ओला तापमापक.

बाटलीतला ढग

ढग म्हणजे वाफ, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ते बरोबर नाही. वाफ डोळ्यांना दिसत नाही. ढग म्हणजे पाण्याचे अतिशय बारीक थेंब, आणि फार उंचावर बर्फाचे कण. भाताच्या कुकरच्या शिट्टीतून जे पांढरे दिसते तेही वाफ थंड होऊन झालेले थेंबच.

काचेच्या बरणीत थोडे गरम पाणी घ्या. वर ताटली ठेवून त्यात बर्फ ठेवा. आत धुरकटपणा फारसा येत नाही. आता ताटली उचलून उदबत्तीचा धूर किंचित आत सोडा आणि लगेच झाका. आत ढग तयार झालेला दिसतो. वाफेला थेंब व्हायला बसायला जागा लागते. धुळीचे, धुराचे, मिठाचे कण ती जागा देतात. ढग तयार व्हायला तीन गोष्टी हव्यात : ओलावा, हवा थंड होणे आणि हे बारीक कण. गरम पाणी आणि उदबत्ती शिक्षकांनीच हाताळावी.

मग मुलांना विचारावे, हवा आभाळात थंड कशी होते? तिथे बर्फाची ताटली नाही. उत्तर आहे वर जाणे. हवा वर गेली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती पसरते आणि पसरताना थंड होते. तापलेल्या जमिनीवरून हवा वर जाते, सातपुड्याचा चढ लागला तरी वर जाते. डोंगरावर ढग अडल्यासारखे दिसतात त्यामागे हेच आहे.

आधी पाच ढग पुरेत

ढगांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत इंग्लंडच्या ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ साली मांडली. ते पेशाने औषधे बनवणारे होते, हवामानाची त्यांना आवड होती. आज जागतिक हवामान संघटना ढगांचे १० मुख्य प्रकार मानते. मुलांना सुरुवातीला पाच ओळखता आले तरी खूप झाले.

- तंतुमेघ : फार उंचावर, पिसासारखे किंवा पिंजलेल्या कापसाच्या धाग्यांसारखे. बर्फाच्या कणांचे. यातून आपल्यापर्यंत पाऊस येत नाही.
- राशिमेघ : कापसाच्या ढिगासारखे, खालून सपाट, वरून फुगीर. छोटे असतील तर हवा चांगली.
- स्तरमेघ : खाली पसरलेली करडी चादर. आपण ज्याला मळभ म्हणतो त्यातला एक प्रकार.
- वर्षास्तरमेघ : जाड, गडद चादर, सूर्य दिसत नाही. श्रावणातली तास न् तास चालणारी झड यातलीच.
- गर्जन्मेघ : राशिमेघ वाढत वाढत दहा-पंधरा किलोमीटर उंच जातो, माथा ऐरणीसारखा पसरतो. वीज, गारा आणि वादळी वारा यातूनच.

आभाळ किती झाकले आहे हे हवामान खाते आठव्या भागांत मोजते. मुलांना भाकरीचे आठ तुकडे सांगावेत. अर्धे आभाळ झाकले तर चार, पूर्ण झाकले तर आठ. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून पाहावे. सूर्याकडे थेट बघायचे नाही, हे पहिल्या दिवशी बजावून सांगावे.

गार वारा आधी का येतो?

आता सुरुवातीचा प्रश्न. मे-जूनच्या दुपारी जमीन तापते, तिच्यावरची दमट हवा वेगाने वर जाते आणि गर्जन्मेघ तयार होतो. वाफेचे थेंब होताना आतली उष्णता बाहेर पडते, त्यामुळे हवा आणखी वर ढकलली जाते. थेंब पुरेसे जड झाले की खाली यायला लागतात. खालच्या कोरड्या हवेत त्यातले काही वाटेतच सुकतात आणि ओल्या कापडाच्या थर्मामीटरसारखी तिथली हवा थंड होते. थंड हवा जड. ती ढगाखाली धाडकन कोसळते, जमिनीला आपटते आणि चारही बाजूंना पसरते.

तोच तो गार वारा. तो पावसाच्या पुढे पळतो, म्हणून आधी पोहोचतो. केळीची बाग आडवी करतो तो हाच. बादलीभर पाणी फरशीवर ओतून दाखवले तरी मुलांना समजते. पाणी जसे पडलेल्या जागेपासून बाहेर पसरते, तशीच हवा.

यातून एक उपयोगाची गोष्ट कळते. उकाड्यात अचानक गार झुळूक आली, धुळीचा पडदा दिसला, तर वादळ दारात आलेले आहे. बाहेर थांबायची वेळ संपली.

गारांचेही इथेच सांगावे. उन्हाळ्यात साधारण ५ किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली असते. वर जाणारी हवा थेंबांना तिथे धरून ठेवते, त्यांच्यावर बर्फाचे थर चढत जातात. वजन पेलवेनासे झाले की गार पडते. मोठी गार फोडून पाहिली तर कांद्यासारखे थर दिसतात.

वीज : हा भाग सोडून चालणार नाही

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. त्यातले ४९६ एकट्या मध्य प्रदेशातले, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. शेतात काम करणारे, गुरे राखणारे, झाडाखाली आडोसा घेणारे यांना धोका जास्त. शाळेतून घरी चालत जाणारी मुलेही त्यात येतात.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचे. जो आकडा येईल तेवढे किलोमीटर वीज लांब. प्रकाश लगेच दिसतो, आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटरच चालतो. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या घरात जायचे. शेवटचा गडगडाट झाल्यावर पुढची ३० मिनिटे बाहेर यायचे नाही.

मुलांकडून पाठ करून घ्यावे असे नियम एवढेच :

- एकट्या झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ, तारेच्या कुंपणाजवळ थांबायचे नाही.
- नदीत, तळ्यात, पाणी भरलेल्या शेतात असाल तर बाहेर पडायचे.
- पक्के घर किंवा काचा बंद केलेली मोटार चालते. उघडी झोपडी, पत्र्याचा मोकळा मांडव चालत नाही.
- काहीच जवळ नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसायचे, जमिनीवर आडवे झोपायचे नाही. सगळ्यांनी एकमेकांपासून लांब बसायचे.
- वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावता येतो. मोठ्यांना बोलवा, १०८ ला फोन करा.

शेवटचा नियम महत्त्वाचा आहे. करंट लागेल या भीतीने लोक लांब उभे राहतात आणि मदतीची वेळ निघून जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेची सूचना देते. ते पालकांच्या आणि शिक्षकांच्या मोबाइलमध्ये असावे.

बाटलीचा पर्जन्यमापक

दोन लिटरची, सरळ बाजूंची प्लास्टिक बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळ वेडावाकडा असतो, म्हणून आत खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. बाहेरून पट्टी चिकटवा. मापक मोकळ्या जागेत, जमिनीपासून फूटभर उंचीवर घट्ट बसवा. जवळच्या भिंतीपासून किंवा झाडापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवे. गच्चीच्या कोपऱ्यात किंवा पन्हाळीखाली ठेवला तर आकडा खोटा येतो.

पाऊस रोज सकाळी ८.३० वाजता मोजावा. हवामान खाते याच वेळेला मागच्या २४ तासांचा पाऊस धरते. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. मग गणिताच्या तासाला विचारता येते : १० मिलिमीटर पावसात एक एकरावर किती पाणी पडले? एकर सुमारे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे ४० हजार लिटरहून जास्त. ठिबकवर केळी करणाऱ्या घरातल्या मुलाला हा आकडा लगेच भिडतो.

हवामान खात्याची भाषाही याच वहीत लिहून ठेवावी. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झाला तर तो ‘भारी’ म्हणजे मुसळधार पाऊस, ११५.६ पासून पुढे ‘अतिभारी’ आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. २.५ मिलिमीटर झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’.

थर्मामीटर नेहमी सावलीत, साधारण चार फुटांवर, वारा खेळेल असा टांगावा. उन्हात ठेवला तर तो हवेचे तापमान दाखवत नाही, स्वतः तापून तेच दाखवतो. भारतीय हवामान खात्यात मोजमापाची उपकरणे देशातच बनावीत आणि सगळी एका मापाची असावीत यासाठी आयुष्य घालवणाऱ्या शास्त्रज्ञ अन्ना मणी यांची ओळख इथे करून द्यावी. १९४८ साली त्या पुण्याच्या कार्यालयात रुजू झाल्या. वर्गातल्या मुलींना हे नाव माहीत असलेच पाहिजे.

नक्षत्रांचे काय करायचे?

घरात आजी-आजोबा मृग, आर्द्रा, मघा, हस्त या नक्षत्रांवरून पाऊस सांगतात. शिक्षकांनी ते थट्टेवारी नेऊ नये, आणि जसेच्या तसे शास्त्र म्हणूनही सांगू नये. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो. म्हणजे नक्षत्रे हे शेतकऱ्याचे कॅलेंडर आहे. कोणत्या पंधरवड्यात साधारण काय होते, याची पिढ्यान् पिढ्यांची आठवण त्यात आहे. पण या वर्षी नक्की किती पाऊस पडेल, हे नक्षत्र किंवा पंचांगातले त्याचे वाहन सांगू शकत नाही.

याचा सोपा प्रयोग आहे. मुलांनी आपल्या बाटलीतला पाऊस नक्षत्रवार जमा करावा. बाजूच्या रकान्यात घरच्यांनी काय सांगितले होते ते लिहावे. दोन-तीन वर्षांची वही झाली की काय जुळले, काय नाही हे पोरे स्वतःच बोलतील. कोणाला खोटे पाडायची गरज पडत नाही.

आभाळ कोरडे, तरी नदीला पूर

बऱ्हाणपुरात पाऊस नाही आणि राजघाटावर तापीचे पाणी चढते आहे, असे पावसाळ्यात होते. कारण तापी उगम पावते बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला. तिकडे पडलेला पाऊस वाहत इथे येतो. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकत मध्य प्रदेशावर येतात तेव्हा हे जास्त घडते. इथून पाणी जळगाव जिल्ह्यात जाते, भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात, पुढे उकाई आणि शेवटी सुरत. नदीची लांबी ७२४ किलोमीटर. नकाशावर बोट ठेवून हा प्रवास करून घ्यावा. घाटावर खेळायला जाणाऱ्या मुलांना एवढे कळले पाहिजे की वरचे निरभ्र आभाळ नदीची खात्री देत नाही.

जलचक्र शिकवायला तर बऱ्हाणपूरसारखी जागा दुसरी शोधावी लागेल. मोगल सुभेदार अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, १६१५ साली, फारसी भूगर्भतज्ज्ञ तबकुतुल अर्ज यांनी इथे जमिनीखालून पाणी आणण्याची योजना आखली. सातपुड्याच्या उतारावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. ते पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, नुसत्या उताराच्या जोरावर, शहराकडे येते. वाटेत हवेसाठी आणि साफसफाईसाठी विहिरीसारख्या कुंड्या. हाच कुंडी भंडारा, ज्याला खुनी भंडाराही म्हणतात. मार्च २०२४ मध्ये तो युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आला.

पुस्तकातल्या जलचक्राच्या चित्रात ‘पाणी मुरते’ असा एक बाण असतो. तो बाण आत उतरून बघायला मिळतो तो इथे. समुद्र, वाफ, ढग, डोंगर, मुरणे, कुंडी, घागर ही साखळी मुलांनी सहलीनंतर स्वतः काढावी. सोबत प्रश्न द्यावा : डोंगरावरची झाडे गेली आणि पाणी मुरायच्या जागी वाहून गेले, तर कुंडीत काय उरेल?

अंदाज कसा वाचायचा?

‘हवामान खात्याचा अंदाज चुकला’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. पुष्कळदा अंदाज वाचण्यात चूक असते. ‘तुरळक ठिकाणी’, हिंदीत ‘कहीं-कहीं’, याचा अर्थ त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी पाऊस. म्हणजे चारातल्या तीन गावांत तो पडणारच नाही. रंगांचेही तसेच. हिरवा म्हणजे काही करायची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा.

सीमेवर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. बऱ्हाणपूरचा इशारा भोपाळच्या हवामान केंद्राकडून येतो, रावेर-मुक्ताईनगरचा महाराष्ट्राच्या बाजूने, मुंबईच्या केंद्राकडून. ढगाला हद्द माहीत नसते. इच्छापूरच्या पोराने दोन्ही बघितले तर बिघडत नाही.

आकड्याची किंमत तर पालकांना चांगलीच माहीत आहे. महाराष्ट्रात हवामान आधारित फळपीक विम्यात केळी आहे. तिथे जास्त किंवा कमी तापमानाची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. बऱ्हाणपूर बाजूला नुकसान झाले की महसूल विभागाचा पंचनामा होतो आणि राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ प्रमाणे मदत निघते. एकीकडे यंत्राचा आकडा, दुसरीकडे माणसाची पाहणी. उद्या ही मुले शेतकरी, पटवारी, विमा प्रतिनिधी किंवा पत्रकार होतील. आकडा कसा घेतात, कुठे घेतात, तो कधी चुकतो, हे त्यांना कळत असेल तर त्यांना कोणी सहज गंडवू शकणार नाही.

पुस्तकात काय आहे?

२०२२-२३ मध्ये अभ्यासक्रम कमी करताना एनसीईआरटीच्या सातवीच्या विज्ञान पुस्तकातून हवामान, तसेच वारे आणि वादळे हे धडे गेले होते. २०२५ मध्ये आलेल्या नव्या पुस्तकांत हा विषय परत आला आहे. सातवीच्या सामाजिक शास्त्रात हवामान समजून घेण्याचा धडा आहे, आठवीच्या विज्ञानात दाब, वारे, वादळे आणि चक्रीवादळांचा. पण हवामानाचे सगळे प्रकार एका धड्याच्या आठवड्यात दिसत नाहीत. म्हणून ते वर्षभर पसरवावे.

- जून-जुलै : पर्जन्यमापक, वाऱ्याची दिशा, पहिल्या पावसाची तारीख, विजेचे नियम.
- ऑगस्ट-सप्टेंबर : ढगांची वही, नदीची पातळी, झड आणि सरी यातला फरक.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर : स्वच्छ आभाळ, सकाळचे दव, पाऊस परतल्यावर वाऱ्याची बदललेली दिशा.
- डिसेंबर-जानेवारी : धुके, रोजचे किमान तापमान. सकाळी चुलीचा धूर वर न जाता आडवा का पसरतो, याचे उत्तर : जमिनीजवळची हवा वरच्या हवेपेक्षा थंड आणि जड झालेली असते.
- फेब्रुवारी-एप्रिल : वावटळी, अवकाळी, गारा, कोरडी हवा आणि कूलरचा प्रयोग.
- मेची सुट्टी : शेवटच्या आठवड्यात एक दिवस बऱ्हाणपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या मध्यात हे पुन्हा घडते, पण तेव्हा बहुधा ढग असतात. म्हणून हा प्रयोग घरच्या अंगणातच करावा.

या सगळ्याला लागणारा खर्च म्हणजे दोन थर्मामीटर, एक रिकामी बाटली, एक पट्टी आणि एक वही. वहीत तारीख, वेळ, तापमान, वाऱ्याची दिशा, आभाळाचे आठवे भाग, ढगाचा प्रकार, पाऊस आणि शेवटी ‘आज शेतात काय झाले’ असा एक रकाना ठेवावा. पाळी लावून रोज दोन मुलांनी नोंद करावी. सुट्टीच्या दिवशी शाळेजवळ राहणाऱ्याने. एखादा दिवस राहिला तर जागा कोरी सोडावी, मनाने आकडा भरू नये. ही सवय सगळ्यात आधी लावावी, कारण खोट्या आकड्याची वही नसल्यापेक्षा वाईट.

वही वर्षाअखेरीला फेकू नये, पुढच्या वर्गाला द्यावी. पाच वर्षांत त्या गावाचा असा हिशेब तयार होतो जो भोपाळ किंवा मुंबईच्या कार्यालयातही नसतो : त्याच शिवारात, त्याच झाडाजवळ, पाऊस केव्हा आला, किती आला आणि केळीचे काय झाले. शाळा जूनच्या मध्यात उघडतात, पाऊसही साधारण तेव्हाच येतो. पहिली नोंद त्याच दिवशी करता येईल.